हजेरीतलं दीपगृह

एकोणीसशे शहाण्णव साली कॉलेजला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, हॉलचं गळकं छप्पर एकदाचं बदललं आणि भिंगरी परत आली. घरात अजूनही त्या सालाला 'छपराचं वर्ष' म्हणतात. भिंगरीचा विषय निघाला की प्रत्येकाला आपली बाजू मांडावी लागते. छपराला बाजू नसते.

कॉलेज इवलंसं. एका तुकडीत पंधरा डोकी झाली तर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणायचे, यंदा फारच गर्दी झाली बुवा. गणित शिकणाऱ्याला तिथं मातीची भांडी घडवावी लागत आणि कविता शिकणाऱ्याला दुर्बिणीला डोळा लावावा लागे. बाहेरचे लोक विचारत, "हे असलं सगळं शिकून माणूस शेवटी होतो तरी काय?" प्राध्यापकांकडे याचं उत्तर नसे. त्यांनाही ते जाणून घ्यायचं असे. बहुधा त्यातूनच हजेरीची पद्धत पडली.

वर्षातून एकदा सगळे माजी विद्यार्थी हॉलमध्ये जमत. रजिस्ट्रार जुन्या तुकडीपासून एकेक नाव पुकारत. माणूस आलेला असेल तर त्यानं 'हजर' म्हणायचं. आलेला नसेल तर हॉलमधल्या कुणीतरी उभं राहून त्याची काहीतरी बातमी द्यायची. एक वाक्य पुरे. पण ते वाक्य येईपर्यंत पुढचं नाव घ्यायचं नाही. एकदा पुकारलेलं नाव जमिनीवर पडता कामा नये, असं संस्थापकांचं म्हणणं होतं. एका वर्षी एक नाव असं अडकलं, की चहा गार झाला, पोरं पेंगायला लागली, तेव्हा कुणाला तरी आठवलं की त्याच्या भावाची बेकरी आहे. बेकरीत फोन लावला. बातमी काय, तर त्याला गालगुंड झालंय. हॉलनं टाळ्या वाजवल्या. जे वारले त्यांचं नावही त्यानंतरच्या हजेरीत एकदा, शेवटचं, घेतलं जाई. त्यांचीही बातमी द्यावी लागे. त्यांनी लावलेल्या झाडाला यंदा फळ आलं, असं काहीतरी लोक सांगत.

तिघा भावंडांतली मधली या हजेरीतच लहानाची मोठी झाली. अण्णा, म्हणजे तिचे वडील, कॉलेजात खगोलशास्त्र शिकवत. तिन्ही मुलं तिथंच शिकली. दादा पुढं पाणीपुरवठ्यात इंजिनीअर झाला. मधलीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. आणि धाकटी, जिचे पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून सगळे भिंगरी म्हणत, ती एका सहामाहीत मातीकाम, दुसऱ्या सहामाहीत वनस्पती, तिसरीत तारे असं करत शेवटच्या वर्षापर्यंत आली आणि तिथं अण्णांच्या तासाला अडकली. सगळ्या वर्गासमोर अण्णा म्हणाले, "काहीतरी पूर्ण कर आणि मगच मला तोंड दाखव." दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक पिशवी घेऊन गेली ती गेलीच.

त्यानंतरच्या हजेरीत रजिस्ट्रारनी तिचं नाव घेतलं.

लोकांनी आधी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि मग बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून या कुटुंबाकडे. पुढच्या रांगेत अण्णा बुटाच्या नाडीकडे बघत बसले होते. आईनं रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मधलीला ते बघवेना. ती उभी राहिली.

"ती बरी आहे," ती म्हणाली. मग एवढ्यानं भागणार नाही असं वाटून म्हणाली, "समुद्राकाठी राहते."

रजिस्ट्रारनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. समुद्र आपल्या तोंडात आला कुठून, हे मधलीला आयुष्यभर कळलं नाही. त्या गावातून समुद्र बघायला जायचं तर अख्खा दिवस गाडीत बसावं लागे.

"तुला कसं कळलं?" घरी पोचेपर्यंत आईला दम निघाला नाही.

"तिची एक मैत्रीण भेटली होती. फिरतीची नोकरी आहे तिची."

त्या दिवशी अण्णा पोटभर जेवले. किती तरी महिन्यांत जेवले नव्हते तसे.

मग काय, पुढच्या वर्षी पुन्हा नाव आलं आणि समुद्राकाठी राहणाऱ्या बाईला काहीतरी काम द्यावं लागलं. मधलीनं तिला दीपगृहात ठेवलं. पुढं भिंगरी दीपगृहाची घड्याळं दुरुस्त करायला लागली. मग शेळ्या पाळल्या. एका वर्षी जिन्यावरून पडून तिचा हात मोडला, तर आईनं इतका घोर लावून घेतला की पुढच्या वर्षी तो हात पहिल्यापेक्षा बरा करावा लागला. सगळा हॉल त्या नावाची वाट बघायचा. आणि आई दरवर्षी भिंगरीसाठी एक स्वेटर विणून मधलीच्या हातात द्यायची. "तुझ्या त्या मैत्रिणीकडे दे. समुद्रावर वारं फार असतं."

स्वेटर ग्रंथालयात जात. बंद पडलेल्या मासिकांचं एक कपाट होतं, ते कुणी उघडत नसे.

* * *

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. छपराच्या वर्षी हजेरीच्या दिवशी सगळे दादाकडे जेवायला जमले. सूप आलं, पाव आला. आई आतल्या खोलीत पडली होती. तिची कवळी जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या पेल्यात होती. आईचं सगळं उलटं. ती कवळी बोलायला लावायची आणि जेवायला काढायची, कारण लावून जेवलं की ती टकटक वाजायची.

दादाची मुलगी पाव मोडता मोडता म्हणाली, "मधली आत्या, तुझी ती मैत्रीण कोण गं? फिरतीवाली?"

या मुलीला घरात सगळे चौकशी म्हणत, रेल्वे स्टेशनवरच्या खिडकीसारखं. फरक इतकाच की खिडकीत लोक प्रश्न विचारतात, इथं खिडकीच लोकांना विचारायची. त्या वर्षीपासून ती कॉलेजचं बातमीपत्र काढत होती.

"आहे एक," मधली म्हणाली. "सूप गार होतंय तुझं."

"माझं संपलं. नाही, मी विचारते कारण मला पंचाहत्तराव्या वर्षाच्या अंकात भिंगरी आत्यावर मोठा लेख करायचा होता. दीपगृहातली बाई! असा विषय कुणाला मिळतो? म्हणून मी दीपगृहांच्या खात्यात फोन केला. ते म्हणाले, अशी कुणी बाई आमच्याकडे नाही. कधीच नव्हती. शेळ्यांचं विचारलं तर हसायलाच लागले."

मधलीनं चमचा खाली ठेवला. दादानं मिठाची बाटली उचलली, बघितली, परत ठेवली.

"मग मी अंकात आवाहन टाकलं. भिंगरी या टोपणनावाच्या माजी विद्यार्थिनीबद्दल कुणाला माहिती असल्यास वगैरे. तर आपल्या एका दंतवैद्याचा फोन. त्याच्याकडच्या कवळ्या जिथं तयार होतात ना, त्या कार्यशाळेच्या दारावर लाल भिंगरी रंगवलेली आहे. मी गेले."

"कुठं?" वहिनी म्हणाली.

"इथंच! बसनं दोन तास. समुद्रबिमुद्र काही नाही, समोर सायकलींचं दुकान आहे. आणि आत प्लास्टरनं पांढरी झालेली, अगदी अण्णा आजोबांच्या नाकाची एक बाई. मी तिला सगळं सांगितलं. दीपगृह, शेळ्या, मोडलेला हात. मला वाटलं आता ही चिडणार. तर ती स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, 'बरं, मग? पुढं काय केलं मी?'"

आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला.

"ती आज येतेय," चौकशी म्हणाली. "हजेरीला."

भिंगरी जिवंत आहे, दोन तासांवर आहे, येतेय, हे सगळं मधलीच्या कानावर पडलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे आलं ते मासिकांचं कपाट. आईला काय सांगायचं?

"आज नाही," दादा म्हणाला. "तिला म्हणावं, उद्या घरी ये. सावकाश. मी स्वतः आणायला जातो."

"का पण, बाबा?"

"का म्हणजे? मी माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष आहे! इतकी वर्षं हजेरीत धडधडीत खोटी बातमी दिली जाते, ती माझ्या सख्ख्या बहिणीकडून, माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल! बाहेर कळलं तर उद्या प्रत्येक बातमीवर लोक संशय घेतील."

"अहो," वहिनी म्हणाली, "तुम्हाला काही ठाऊकच नव्हतं जसं."

"मला?"

"तुम्हीच मला लग्नानंतर म्हणाला होतात. त्या अख्ख्या किनाऱ्यावर शेळ्या पाळण्याइतकं गवतच नाही म्हणून. पाण्याची पाहणी करून आला होतात ना?"

दादाचा चेहरा उतरला. "संशय होता. खात्री नव्हती."

"मग करायची होतीत खात्री. तुमच्या खात्याची गाडी होती, रजा होती. वन्सं निदान उभ्या तरी राहिल्या. तुम्ही एकदा तरी उभं राहून एक शब्द बोललात का धाकटीबद्दल?"

वहिनी त्या कॉलेजात शिकलेली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून हजेरीच्या दिवशी ती शेवटच्या रांगेत बसून विणकाम करायची आणि घरी आल्यावर सगळ्यांच्या नकला करायची. नणंद-भावजयीचं कधी फारसं सूत जमलं नव्हतं. आज ती आपल्या बाजूनं बोलते आहे हे समजायलाच मधलीला जरा वेळ लागला.

"वहिनी, राहू दे," ती म्हणाली. "दादा म्हणतो ते खरंच आहे."

"खरं-खोटं मला सांगू नका. सासूबाईंना कोण सांगणार ते बोला."

"मी सांगते. आत्ताच."

ती आतल्या खोलीत गेली. आई पलंगावर उठून बसली होती, केस विंचरून तयार. तिच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"यंदाचा निळा आहे," आई म्हणाली. कवळीशिवाय तिचे शब्द मऊ, पिठासारखे पडत. "जरा टाके वाढवलेत. या वयात बाईचं अंग सुटतं. आणि काय गं, यंदाची बातमी काय आहे? मला आधीच सांगून ठेव. हॉलमध्ये नीट ऐकू येत नाही."

"आई, मला तुला एक—"

"त्या तांबड्या शेळीला पिल्लं झाली का? गेल्या वर्षी होणार म्हणाली होती तुझी मैत्रीण."

मधली तिच्याकडे बघत राहिली. आईच्या चेहऱ्यावर नुसती उत्सुकता होती. पंचाऐंशी वर्षांच्या चेहऱ्यावर इतकी उत्सुकता मावते कशी? हे आता आपण काढून घ्यायचं?

"हॉलमध्ये सांगते," मधली म्हणाली. तिनं तो कागदाचा पुडा घेतला आणि बाहेर पडली.

* * *

ग्रंथालयाला त्या दिवशी सुट्टी असे. मधलीनं कुलूप काढलं, निळा स्वेटर कपाटात ठेवायला मासिकांच्या रांगेकडे वळली, तर तिथं खिडकीच्या कट्ट्यावर कुणीतरी बसलं होतं.

"मागच्या खिडकीची कडी अजून लागत नाही," भिंगरी म्हणाली. "तुम्ही लोकांनी छप्पर तेवढं बदललंत."

अंगानं चांगली भरली होती. केस आखूड, बोटांच्या पेरांत पांढरी पूड. नाक तेच. मधलीला वाटलं होतं आपण रडू. पण ती म्हणाली, "तिथं बसू नकोस, बिजागरी निखळलेली आहे."

"बघ! भेटल्यावर पहिलं वाक्य हेच निघणार, मी पैज लावली होती स्वतःशी." भिंगरी खाली उतरली. "बस इथं. आणि सांग."

"काय सांगू?"

"सगळं. हात कसा मोडला माझा?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही गं. खरंच. मी सकाळी उठून हिरड्यांचे साचे भरते, दुपारी दात घासून गुळगुळीत करते. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. आणि इकडं माणसं टाळ्या वाजवतायत म्हणे माझ्या नावाला! मग मला ऐकायला नको?"

तेव्हा मधली सांगायला लागली. आधी खालच्या मानेनं, मग जरा सावरून. समुद्र, दीपगृह, घड्याळं. वादळात अडकलेली बोट. बासरी शिकायचा प्रयत्न, जो फसला. भिंगरी मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. शेळ्यांची नावं काय ठेवली मी? स्वयंपाक कोण करायचं? लग्न केलं का?

"नाही. मला तुला कुणाच्या स्वाधीन करवेना."

"हं." भिंगरीनं बोटावरची पूड झटकली. "मी केलं होतं एक. टिकलं नाही. आणि अण्णा? त्यांना खरं वाटायचं?"

"ते काहीच बोलायचे नाहीत. फक्त एकदा, जायच्या आदल्या वर्षी, मला म्हणाले, 'तिला दीपगृहातून तारे दिसतात का, विचार.' मी म्हटलं, दिव्याच्या उजेडामुळं फारसे दिसत नाहीत म्हणते. तर म्हणाले, 'मग तिला म्हणावं, दिव्याच्या उलट्या बाजूला बस.'"

भिंगरी उठून खिडकीपाशी गेली. तिकडंच तोंड करून तिनं ती न लागणारी कडी दाबून पाहिली.

"काहीतरी पूर्ण करून दाखव म्हणाले होते," ती म्हणाली. "मला कवळ्यांचंच काम मिळालं. कवळी कधी पूर्ण होत नाही, तुला सांगते. हिरड्या बदलतात, ती सैल होते, माणूस परत येतो. दर वर्षी मी म्हणायचे, एवढी बसू दे नीट, मग जाईन. मग अण्णा गेल्याचं पेपरात वाचलं. मग कुणाकडे यायचं?"

"आई होती."

"तू पण होतीस," भिंगरी वळून म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "इतका मोठा समुद्र आणलास. दीपगृह बांधलंस. मला शोधलं का नाहीस गं? एका पोरीनं दोन फोन केले आणि मी सापडले."

मधलीकडे याचं उत्तर होतं. ते तिनं आजवर स्वतःलाही दिलं नव्हतं.

"सुरुवातीला शोधलं. दोन वर्षं. नंतर..." ती थांबली. "नंतर ती दुसरी मला सवयीची झाली. दरवर्षी तिचं काय करायचं याचा विचार करत मी इथं एकटी बसायचे, बरं वाटायचं. तू सापडली असतीस तर ती गेली असती. आणि तू बोलली असतीस की नाही माझ्याशी, कुणास ठाऊक. ती बोलायची."

भिंगरीनं ते ऐकून घेतलं. "खरं बोललीस एकदाची," ती म्हणाली. रागानं म्हणाली की मायेनं, ते कळलं नाही.

मधलीनं कपाट उघडलं. लाल, करडे, हिरवे, पट्ट्यापट्ट्यांचे स्वेटर, वरपासून खालपर्यंत. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला.

"हे आईनं पाठवलेले. तुला. आईला वाटतं तू घालतेस. तिला आज काय तोंड दाखवू, सांग. तुला हात जोडून सांगते, नाव पुकारलं की 'हजर' म्हण. मग मला उभं राहावं लागणार नाही. बाकीचं मी घरी तिच्याशी बोलेन."

भिंगरीनं सगळ्यात तळाचा स्वेटर काढला. पोरसवदा मुलीच्या मापाचा होता. तो छातीशी लावून ती कपाटाकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "मी हजर म्हणणार नाही. मला ऐकायचंय."

* * *

नव्या छपराला रंगाचा वास येत होता. अध्यक्ष म्हणून दादा व्यासपीठावर बसला होता, आणि टाय आवळल्यासारखा दिसत होता. मधली दुसऱ्या रांगेत आईशेजारी. वहिनी नेहमीप्रमाणे मागे, पण आज विणकाम न घेता. तिच्या बाजूला चौकशी, आणि त्यांच्या पलीकडे खांबाआड एक करड्या कोटातली बाई, जिला कुणी ओळखलं नाही.

नावं पुढं सरकत होती. हजर. हजर. आला नाही, पण नातू झालाय. हजर. तिनं पोहणं शिकायला घेतलंय, सत्तराव्या वर्षी. हॉल हसत होता, हळहळत होता. मग सहासष्टची तुकडी आली, आणि रजिस्ट्रारनी चष्मा वर सरकवून, जरा चवीनं, भिंगरीचं नाव घेतलं.

लोक मधलीकडे वळून बघायला लागले. पण खुशीनं. पहिल्या वर्षी असेच बघत होते, तेव्हा अण्णा नाडीकडे बघत होते. मागून 'हजर' येतं का म्हणून मधलीनं कान टवकारले. आलं नाही. आईनं कोपरानं ढोसलं. "ऊठ की! शेळीचं सांग!"

मधली उठली. तांबड्या शेळीची पिल्लं तिच्या अगदी ओठांवर होती. दोन, एक पांढरं.

"ती कवळ्या बनवते," मधली म्हणाली. "बसनं दोन तासांवर तिची कार्यशाळा आहे. समोर सायकलींचं दुकान आहे. आणि ती इथं, खांबाच्या मागं बसली आहे. हजर म्हणत नाही, कारण ती पहिल्यापासून अशीच हट्टी आहे."

सगळा हॉल खांबाकडे वळला. खुर्च्या करकरल्या. दादा व्यासपीठावर अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

आणि आई, ऐकू कमी येणाऱ्या माणसांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मग दीपगृह?"

खांबाआडून भिंगरी उभी राहिली. "ते मधलीनं बांधलं, आई."

आई वळली नाही. ती मधलीकडेच बघत होती. कवळी टकटकली.

"आणि माझे स्वेटर?"

"ग्रंथालयात आहेत. सगळे."

"तो राखाडी? ज्याला मी लाकडी बटणं लावली होती?"

"तोही."

आईनं मान फिरवली. तिनं रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मधलीला वाटलं, पुन्हा तोच दिवस आलाय, आणि या वेळी आपण काहीच म्हणू शकत नाही.

भिंगरी रांगांमधून पुढं आली आणि आईसमोर गुडघ्यांवर बसली. लोकांना वाटलं आता मिठी, आता अश्रू. पण हात पुढं आला तो आईच्या हनुवटीला. भिंगरीनं तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "ही असली कवळी कुणी केली गं तुझी? खालची बसतच नाहीये."

"कोण तू?" आई म्हणाली. मग तिनं हात वर करून तिचं नाक चाचपलं, आंधळ्यासारखं, वरपासून खालपर्यंत.

रजिस्ट्रारनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी विचारलं, "हजर लिहू?"

"लिहा," भिंगरी म्हणाली.

* * *

आई मधलीशी किती तरी महिने बोलली नाही. काही हवं असलं तर वहिनीला म्हणायची, "तिला सांग, खिडकी लाव." मधली त्याच खोलीत असायची. भिंगरी दर रविवारी यायची, आईच्या हिरड्यांचे साचे घ्यायची, घासायची, पुन्हा बसवायची. कपाटातला एकेक स्वेटर तिनं घालून बघितला. पहिले काही डोक्यातूनच जाईनात. पण आईनं वर्षागणिक टाके वाढवत नेले होते, सगळे अंदाजानं. शेवटचा निळा तिला असा बसला, की जणू माप घेऊन विणलाय. तो बघून आई एवढंच म्हणाली, "म्हटलं नव्हतं मी?"

नवी कवळी लागली त्या दिवशी आईनं सगळ्यांसमोर सालासकट एक सफरचंद खाल्लं. टक्क आवाज नाही. तोंड पुसलं, मधलीकडे वळली आणि त्या महिन्यांतलं पहिलं वाक्य बोलली.

"मग आता दीपगृहात कोण असतं?"

तेव्हापासून जाईपर्यंत आईनं ते ऐकणं सोडलं नाही. खरी धाकटी रविवारी, आणि दुसरी रोज चहाच्या वेळी.

दादानं संघात ठराव आणला, की हजेरीतली प्रत्येक बातमी खातरजमा करूनच द्यावी. ठरावाच्या बाजूनं त्याचा स्वतःचाच हात वर झाला. पुढच्या वर्षी त्यानं अध्यक्षपद सोडलं आणि मग तो हजेरीत पोटभर हसायला शिकला. वहिनीचं नाव चौकशीनं हट्टानं यादीत घालून घेतलं, न शिकलेल्यांच्या तुकडीत. त्या तुकडीत ती एकटीच. ती 'हजर' इतक्या जोरात म्हणायची, की पुढच्या रांगेतले दचकत. चौकशी वर्तमानपत्रात गेली, दूर. एकदा तिनं खऱ्या दीपगृहावर जाऊन मधलीला चित्रकार्ड पाठवलं. मागे लिहिलं होतं, पायऱ्या फार आहेत, शेळ्या नाहीत. भिंगरीनं पन्नाशी उलटल्यावर खगोलशास्त्राचा राहिलेला अभ्यासक्रम पुरा करायचं मनावर घेतलं, आणि अर्ध्यात सोडला. लाल भिंगरी मात्र दारावर शेवटपर्यंत होती, दर वर्षी नव्यानं रंगवलेली.

मधली निवृत्त झाल्यावर भिंगरीकडेच राहायला गेली. समोरचं सायकलींचं दुकान तिला फार आवडायचं. ती गेली ते दोन हजार नऊ साली, थोडक्या आजारानं.

त्यानंतरच्या हजेरीत तिचं नाव आलं, शेवटचं. रजिस्ट्रार नवे होते, तरुण. भिंगरी उभी राहिली. निळा स्वेटर कोपरांवर विरला होता.

"ती बरी आहे," भिंगरी म्हणाली. "समुद्राकाठी, दीपगृहात आहे. पायऱ्यांची सवय व्हायला वेळ लागला. आता दिव्याच्या उलट्या बाजूला बसते. तिथून तारे चांगले दिसतात म्हणते."

रजिस्ट्रारनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.